एज्युकेशन लोन घेताना आण्णांना इस्त्रीचा शर्ट घाला

भावा, इंजिनिअरिंगला जायचं ठरवलंयस न्हवं, मग पैशाचं टेन्शन घेऊ नकोस, सगळे नियम-कायदे तुझ्याच भल्यासाठी केलेत. ४ लाखांपर्यंत तारण नाही, मार्जिन म्हणजे आपल्या खिशातनं घालायचा वाटा नाही, फक्त वडलांना सोबत घेऊन जा आणि त्यांना इस्त्रीचा शर्ट घालायला सांग, कारण ते सहकर्जदार, म्हणजे कर्ज तुझं आणि झोप त्यांची. माझ्या लोनला आमचे आण्णा असेच बँकेत आलेले. काउंटरवरचं दोरीला बांधलेलं पेन चालेना, मग साहेबांनी खिशातलं दिलं, आण्णांनी वीस-बावीस ठिकाणी सह्या ठोकल्या, एक ओळ वाचली नाही, आणि बाहेर येऊन काय म्हणाले, "साहेब माणूस चांगला हाय, सोताचं पेन दिलं."

साडेसात लाखांपर्यंतच्या लोनला सरकारी गॅरंटी असते म्हणे. ती तुझ्यासाठी असंल असं वाटलं काय? खुळा आहेस. तू थकवलंस तर थकलेल्या रकमेतले ७५ टक्के बँकेला मिळायची सोय आहे, तुझं देणं हाय तिथंच.

मग मोरेटोरियम. कोर्सची वर्षं आणि वर १ वर्ष हप्ता नाही, तोवर रंकाळ्यावर जाऊन निवांत भेळ खात बस. व्याज मात्र बसत नाही, ते चालतच असतं, ४ लाखांवर १० टक्के धरलंस तरी वर्षाला ४० हजार.

व्याजावर टॅक्सची सूट आहे, ८ वर्षं, रकमेला मर्यादा नाही. नवी टॅक्स पद्धत घेतलीस तर ती पण नाही. पण आधी टॅक्स बसण्याएवढा पगार तर पाहिजे, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ट्रेनी म्हणून चिकटलेल्यानं कशातनं सूट मागायची?

मोठं लोन पाहिजे असंल तर उसाचा तुकडा दाखवू नकोस. जप्तीच्या २००२ च्या सरफेसी कायद्यातनं शेतजमीन सुटते, म्हणून बँकेला ती गोड लागत नाही, राहतं घर लागतं. आणि ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत, मग सिबिल, म्हणजे कर्जाची पत, तुझं आणि वडलांचं दोघांचं बरोबरच झोपतंय, बापलेकाचं प्रेम म्हणत्यात ते हेच.

१९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं अन् फुकट केलं, पोरगं शाळेत घातलं नाही तर बापाला महिन्याला १ रुपया दंड. आता पोरगं शिकवलं की दंड, तो पण दर ५ तारखेला मेसेज करून.

परवा धाकटीचं लोन झालं. यावेळी आण्णा घरनंच पेन घेऊन गेले.