हॉर्न दाबून सिग्नल सुटत नाही

सिग्नलवर आकडा दिसत असतो. चांगला हातभर मोठा, लाल, उलटा मोजत जाणारा. तो पाचावर आला की मागून सुरू. पॅं. पॅंपॅं. पॅंऽऽऽ. अरे बाबा, समोर लाल दिवा आहे, झेब्रावर काठी टेकत एक आजी चालल्यात, त्यांच्या पलीकडे आडव्या रस्त्याची वाहतूक अजून सुरू आहे. मी जाऊ कुठे? आजींच्या अंगावरून?

एकदा न राहवून मागे वळून विचारलं, "दादा, हॉर्न दाबला की सिग्नल सुटतो का?" तर तो म्हणतो, "तुम्हाला काय प्रॉब्लेम आहे काका?" झालं. म्हणजे प्रॉब्लेम माझा. आवाज करणारा रांगेतला सज्जन आणि त्याला हटकणारा खडूस म्हातारा. या एका गोष्टीने माझं डोकं सर्वात जास्त फिरतं. कोणी माझ्या अंगावर कचरा टाकला असता, तर चार माणसं माझ्या बाजूने धावली असती. कानात ओतलेलं मात्र कोणाला दिसत नाही, त्यामुळे ते टाकलंच नाही असं धरून चालायचं.

आमचं घर पुण्यातल्या एका चौकाला लागून आहे आणि समोर रुग्णालय. तिथे हॉर्नवर काट मारलेली पाटी आहे, म्हणजे असावी. सध्या तिच्यावर कोणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. पाटीच्या बरोबर खाली रिक्षा, पीएमपीच्या बस आणि दुचाक्या यांची रोज संध्याकाळी मैफल.

कायदा नाही म्हणावं तर तसंही नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर म्हणजे शांतता क्षेत्र, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. २०१७ मध्ये त्यातही पाचर मारली: सरकारने जाहीर केल्याशिवाय कुठलाही भाग शांतता क्षेत्र नाही! आयसीयूशेजारी शांतता हवी, एवढं कळायलाही अधिसूचना लागते.

आणि या ५०-५५ मध्ये एक मेख आहे. ही मर्यादा ठरावीक वेळेच्या सरासरीची आहे. जवळून वाजलेला हॉर्न शंभर डेसिबलच्या घरात जातो, पण दोन सेकंदांचा तो ठणका सरासरीत मुरून जातो. माणूस सरासरीने दचकत नाही हो! ऑपरेशन होऊन नुकताच डोळा लागलेला पेशंट त्या एका पॅंनेच उठतो. शिवाय डेसिबलचा हिशेब साधा बेरजेचा नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहा पट होते. ५० ते १०० म्हणजे दुप्पट नव्हे, एक लाख पट.

"सवय होते हो," असं सांगणारे वेगळेच. कानाला वाटतं सवय झाली. शरीराला होत नाही. झोपेतही आवाजाने नाडी वाढते, रक्तदाब चढतो, ताणाची संप्रेरकं वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये रस्त्यावरच्या आवाजासाठी रात्रीची शिफारस ४५ डेसिबलच्या खाली केली. आमच्या चौकात रात्री अकरा वाजता सायलेन्सर काढलेली एखादी बुलेट फाडफाड फटाके उडवत जाते आणि गल्लीतल्या सगळ्या गाड्यांचे अलार्म तिला कोरसमध्ये साथ देतात. चालवणारा विशीतला पोरगा असतो. त्याला वाटतं, बाल्कनीत आलेले लोक कौतुकाने बघतायत.

मोटार वाहन कायद्याचं १९४-एफ कलम वाचा. विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवला, सायलेन्सरला बगल देऊन धूर सोडला, तर पहिल्या वेळी १००० रुपये आणि पुढच्या वेळी २००० रुपये दंड. निरनिराळे सूर काढणारे हॉर्न गाडीला लावायलाच बंदी आहे. ते सर्रास विकले जातात, लावून मिळतात, वर "आवाज बघा साहेब" म्हणून वाजवूनही दाखवतात. हेल्मेटची पावती फाडणारे मामा त्याच हॉर्नच्या गोंगाटात उभे असतात, बिचाऱ्यांच्याच कानांची वाट लागत असते, पण हॉर्नची पावती फाडताना मी कोणाला पाहिलेलं नाही.

मुंबई पोलिसांचा एक झकास प्रयोग २०२० च्या सुरुवातीला व्हिडिओतून सगळीकडे पोचला होता. काही सिग्नलना डेसिबल मीटर जोडला. हॉर्नचा आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिव्याचा आकडा पुन्हा पहिल्यापासून. वाजवा अजून, थांबा अजून! व्हिडिओ बघून सगळा देश हसला, टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा हॉर्नवर अंगठा ठेवला. पुढे २०२१ मध्ये नितीन गडकरींनी नाशकात हॉर्नऐवजी बासरी, तबला, हार्मोनियमचे आवाज आणण्याची कल्पना मांडली. क्षमा असावी, पण लाल दिव्यासमोर चाळीस हार्मोनियम एकदम सुरू झाल्या तर मी शहर सोडीन. ट्रकच्या मागचं "हॉर्न ओके प्लीज" राज्यात २०१५ मध्येच बंद करायला सांगितलं होतं. अजून रोज वाचतो.

बरं, मी माझ्यापुरतं काय करायचं? ते सगळं करून झालंय. खिडक्यांच्या फटींना रबराची पट्टी लावली, कारण आवाज काचेपेक्षा फटीतून जास्त घुसतो. तेवढा फरक पडला. जाड पडद्यांनी काडीचा पडला नाही. आणि मे महिन्यात पुण्यात खिडक्या बंद करून बसायचं म्हणजे शिक्षा आवाज करणाऱ्याला की मला? गाडी चालवताना दोन हात अंतर ठेवा, वळणावर रात्री डिपर द्या, पुढचा बंद पडला असेल तर दहा सेकंद धीर धरा. याला पैसे पडत नाहीत. पण सोसायटीच्या ग्रुपवर हे लिहिलं की तीन अंगठे येतात आणि त्यातला एक असतो त्याच गृहस्थांचा, जे रोज गेट उघडावं म्हणून वॉचमनसाठी हॉर्न वाजवतात. वॉचमन तिथेच, गेटला हात लावून उभा असतो.

सकाळी पावणेसातला शाळेची व्हॅन येते. एका पोरासाठी पाच पाच मिनिटं हॉर्न. खाली जाऊन व्हॅनवाल्या काकांना म्हटलं, "अहो, फोन करा ना त्यांना." ते शांतपणे म्हणाले, "फोन उचलत नाहीत ओ. हॉर्न दिला की तुमच्यासारखं कोणीतरी उठतं आणि त्यांची बेल वाजवतं."