तिसऱ्या रविवारी माझं नाव वाचलं नाही

प्रभू उठला आहे! सगळ्यांना ईस्टरच्या शुभेच्छा. आता रागाचं लिहिते, कारण नगरहून निघाल्यापासून डोक्यात तेच चाललंय आणि शिक्रापूरच्या ट्रॅफिकमध्ये एसटी अर्धा तास जागची हललेली नाही.

आज पहाटे साडेपाचला आम्ही दरवर्षीसारखे कबरस्थानात होतो. पप्पांची कबर काल मम्मीने आणि मी धुवून चुना दिला होता, आज मेणबत्त्या लावल्या, फुलं ठेवली. अंधारात सगळे उभे असतात आणि पूर्वेला जरा तांबडं फुटलं की गायन सुरू होतं, ज्यांनी अनुभवलंय त्यांना मी काय सांगायचं. वर्षभर मी त्या पाच मिनिटांची वाट बघते. उपासना संपली, चहा सुरू झाला, आणि एक काकू माझ्याकडे आल्या, डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने प्रार्थनाच सुरू केली. "प्रभू, आज तू कबरेवरची धोंड लोटलीस, तशी या लेकराच्या आयुष्यावरची धोंड लोट, पुढच्या ईस्टरला हिला जोडीनं उभी कर." आजूबाजूचे दहा-बारा जण आमेन म्हणाले. मम्मी पण म्हणाली.

अहो, माझं आयुष्य कबर नाहीये! ३६ वर्षांची आहे मी, १३ वर्षं नर्सिंग करतेय, मम्मीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी करवून घेतलं, धाकट्या भावाचं इंजिनिअरिंग मी करवलं, आणि तुम्ही मला त्या पांढऱ्या कबरींच्या रांगेत नेऊन बसवता?

काकूंच्या पोटात माया आहे, मान्य. पप्पा गेले तेव्हा आठ दिवस आमच्याकडे डबा त्यांचाच होता. पण मायेने दिलेला चटका पण चटकाच असतो ना.

बऱ्याच जणांना माहितीये, काहींना नाही, म्हणून एकदाच लिहिते. २०२३ ला माझं लग्न ठरलं होतं. लेंतात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, लग्न नाही म्हणून ईस्टर झाल्यावर लगेच बुधवारची तारीख धरली होती. आपल्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. पहिल्या रविवारी माझं नाव वाचलं. दुसऱ्या रविवारी वाचलं, तेव्हा मागच्या बाकावरच्या पोरींनी मला ढोसलं होतं. तिसरा रविवार म्हणजे झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आदला. शनिवारी रात्री त्यांच्याकडून फोन आला की नको. कारण नाही, काही नाही, नको. पाळकसाहेबांना मम्मीने रात्रीच कळवलं. तरी सकाळी मी चर्चला गेले, झावळी हातात धरून बसले, आणि जाहीर सूचनांची वेळ आली तेव्हा, खरं सांगते, मला माहीत असूनही मी कान देऊन ऐकत होते. नाव वाचलं नाही. सूचना संपल्या, दानार्पणाचं गीत सुरू झालं. अख्ख्या मंडळीला त्या अर्ध्या मिनिटात कळलं आणि कुणी मागे वळून बघितलं नाही, त्याबद्दल मात्र मी आजही त्यांची ऋणी आहे.

त्यानंतर लोक समजवायला आले ते काय घेऊन आले? आशा. "देवाने याहून चांगला ठेवलाय." "धीर धर, देव उशीर करतो पण नाकारत नाही." कुठल्या शास्त्रात आहे हे? मला एकजण तरी सांगा. मला नवरा मिळेल असं प्रभूने मला कधीच सांगितलेलं नाही, आणि जे त्याने सांगितलं नाही ते त्याच्या नावावर कशाला खपवता? उद्या नाहीच झालं लग्न, तर मी काय समजायचं, तो उठला नाही?

आणि हे पण बोलूनच टाकते. एकीकडे प्रार्थना करायची आणि दुसरीकडे स्थळ आलं की पहिला प्रश्न, "मूळचे कोण?" प्रभुभोजनाला एका रेलिंगवर गुडघे टेकतो आपण, आणि सोयरीकीला तीन पिढ्या मागे जाऊन चौकशी करतो. त्यात पंथ कुठला, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) की मेथडिस्ट की कॅथलिक, मुलगी नाईट ड्युटी करते का, पगार मुलापेक्षा जास्त आहे का. एवढ्या धोंडा माणसांनीच आणून ठेवल्यात, त्या हलवायला देवदूत कशाला पाहिजे?

असो. वाघोली आली एकदाची.

लग्न मला हवंय. हे लपवत नाही, कारण आपल्याकडे दोनच कप्पे असतात, एक रडणारी आणि एक "मला गरजच नाही" म्हणणारी, आणि मी दोन्हीत बसत नाही. ड्युटीवरून सकाळी रूमवर आलं की कुलूप आपल्यालाच उघडावं लागतं, ते मला अजूनही टोचतं. प्रार्थनेत मागते मी, नाव नसलेल्या त्या माणसासाठी. पण ईस्टर त्या मागणीचं उत्तर म्हणून येत नाही माझ्याकडे.

त्या २०२३ च्या ईस्टरला मला जायचंच नव्हतं. पप्पांच्या कबरीवर मेणबत्ती कोण लावणार म्हणून गेले, आणि सगळ्यांपासून लांब नळापाशी उभी राहिले. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय वाचला. मग्दालीया मरीया अंधार असतानाच येते, रडत असते, समोर उभा असलेला येशू तिला माळी वाटतो. आणि तो काय करतो? ना समजावतो, ना पुढचं काही चांगलं ठेवलंय म्हणतो. का रडतेस विचारतो, आणि मग नुसतं "मरीये" म्हणतो. मी लहानपणापासून हे ऐकतेय, पण त्या दिवशी मी सात दिवसांपूर्वी नाव न वाचलेली बाई होते, आणि ते नाव मला थेट इथे लागलं. नळ धरून रडले मी. त्यानंतर काहीही बदललं नाही, बुधवारी लग्नाची तारीख आली आणि गेली, मी ड्युटीवर होते. पण मी उभी होते.

आज ५ एप्रिल. पंडिता रमाबाई १९२२ साली आजच्याच तारखेला गेल्या. १८८० ला लग्न, १८८२ ला नवरा गेला, त्यानंतर ४० वर्षं बाई एकटी जगली आणि केडगावला मुक्ती मिशन, निराधार बायकांचा आश्रम, उभं केलं. हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, म्हणजे ते "मरीये" पण कधीतरी त्यांच्या टेबलावर आलं असणारच. आज सकाळपासून मला तेच आठवतंय. त्यांच्या डोक्यावर हात ठेवून धोंड लोट म्हणायची कुणाची छाती झाली असती का? (हो, त्या विधवा होत्या, माझी गोष्ट वेगळी आहे, माहितीये मला.)

राग जरा उतरला लिहिता लिहिता. मम्मीवर तर नाहीच आता. ती आमेन म्हणाली तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते, तिला तरी दुसरं काय मागता येणार.

साडेनऊच्या उपासनेत आज नावं वाचली. तिसरी वेळ. मुलगी माझ्या संडेस्कूलची, मी तिला पहिली प्रार्थना पाठ करून घेतलेली. सूचना सुरू झाल्या आणि माझा श्वास परत तसाच अडकला, शेवटचा शब्द होईपर्यंत. नाव वाचलं. ती वळली आणि मलाच शोधत होती. बुधवारी लग्न आहे, साडी मीच नेसवायची असं तिने ठरवून टाकलंय, सकाळी सहाला बोलावलंय. मंगळवारची नाईट बदलून घेतलीये. काकू पण असतील तिथे, हळदीच्या गाण्यांना त्यांच्याशिवाय कुणी नाही आमच्यात.