स्वेटर द्याच, पण आधी ती पोरं गावात थांबतील असं बघा

थंडी पडली की साखर कारखान्यांच्या पट्ट्यातले फोटो दिसू लागतात. कोप्यांसमोर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपड्यांसमोर, ओळीने बसलेली ऊसतोड कामगारांची पोरं, हातात नवे स्वेटर, वह्या, बिस्किटांचे पुडे. देणाऱ्यांच्या मनात काडीची खोट नसते. त्यातले काही माझे जवळचे मित्र आहेत. तरी दरवर्षी मनात येतं ते यंदा लिहितोच: ही मदत दोन-तीन महिने उशिरा पोचते आणि जिथे पोचायला हवी त्या गावात पोचतच नाही.

बीड जिल्ह्यात पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पार बेळगावपर्यंत. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल दवाखान्यात, लग्नकार्यात, जुन्या देण्यात आधीच संपलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. दोघं पहाटे फडात गेल्यावर तान्ह्याला कोण बघणार? म्हणून नऊ-दहा वर्षांची थोरली सोबत जाते. तिचं नाव गावच्या हजेरीपटावर आणि ती कोपीत, कडेवर धाकटं घेऊन. मार्च-एप्रिलमध्ये हंगाम उरकून परत येते तेव्हा वर्ग कितीतरी पुढे गेलेला असतो. असे दोन-तीन हंगाम गेले की शाळा सुटते आणि घरात लग्नाचा विषय निघतो. लग्न लागलं की नवा कोयता तयार.

६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ चा आहे. फडाजवळ साखरशाळा चालवणाऱ्यांनीही मनापासून काम केलं. पण टोळी आज या फडावर, तर पुढच्या पंधरवड्यात भलत्याच. शाळेने तिच्यामागे किती धावायचं? माझ्या मते खरं काम गावातच आहे, आई-बाप तोडीला गेल्यावर मुलांना गावात ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहात. नाव वसतिगृह असलं तरी बऱ्याच ठिकाणी पोरं आजी-आजोबांकडे झोपतात, दोन्ही वेळा शाळेत जेवतात आणि संध्याकाळी कुणीतरी त्यांचा अभ्यास घेतं.

पाटोदा तालुक्यातल्या एका शाळेत हे जवळून पाहिलं. स्वयंपाकाच्या मावशी स्वतः पूर्वी ऊसतोडीला जायच्या. पिठाच्या हातांनीच दारात येऊन त्यांनी पोरं मोजली. एक मुलगी जेवायला आली नव्हती. मावशींनी तव्यावरची भाकरी उतरवली, चुलीतला जाळ मागे ओढला आणि तडक तिच्या घरी गेल्या. आजी तापाने फणफणलेली, पोरगी उशाशी बसून. मग दोघींचं पिठलं-भाकरी डब्यातून घरी गेलं. त्या वेळी शाळेचं अनुदान आलेलं नव्हतं, किराणा उधारीवर चालला होता आणि मावशींचं मानधन थकलेलं होतं.

आता ओळखीच्या कुठल्याही देणगीदाराला सांगा, या मावशींच्या मानधनासाठी पैसे द्या. उत्तर ठरलेलं: "पगाराला नको, थेट मुलांवर खर्च करा." अहो, मावशी आहेत म्हणून ती पोरगी गावात आहे! स्वेटर कुणीही नेऊन देईल. रोज पोरं मोजणारं माणूस सहा महिने टिकवायचं तर त्याला दर महिन्याला पैसे द्यावे लागतात, आणि ते द्यायला कुणी पुढे येत नाही याचा मला मनापासून त्रास होतो.

दुसरी अडचण आठवीनंतरची. ही सोय साधारण तिथेच संपते आणि लग्नाचा धोका नेमका तिथून वाढतो. २०२१ मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली: ४१ तालुक्यांत मुलांचं एक, मुलींचं एक, अशी ८२ वसतिगृहं. योजना चांगली आहे, पण मुलीच्या आई-बापाला तिची माहिती देऊन, कागद जमवून प्रवेश मिळेपर्यंत सोबत राहणारं माणूस लागतं. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी उभं केलेलं 'शांतीवन' पाहा. तिथे मुलं वर्षानुवर्षं राहून शिकतात, हंगामापुरती नाही.

यंदा ज्यांना काही द्यायचं आहे त्यांना हात जोडून विनंती. गणपती उठले की लगेच, टोळ्या निघायच्या आधी, या भागातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करा. किती मुलांचे आई-बाप जाणार आहेत, मुलं कुणाकडे राहणार, स्वयंपाकाला कोण आहे, त्यांना महिन्याला किती देता, आणि अनुदान येईपर्यंत किराण्याचं काय, एवढं विचारा. जी रक्कम सांगतील तिचा वाटा एप्रिलपर्यंत दर महिन्याला उचला. चार मित्र मिळून उचललात तरी चालेल.