आठवड्याचं मत

व्हिडिओ-निबंध करणाऱ्या माणसाला दर आठवड्याला एक मत लागतं. साधंसुधं चालत नाही, वीस मिनिटं टिकेल असं लागतं. मी मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द बोलते, म्हणजे हिशेबाने अडीच हजार शब्दांचं मत झालं. पूर्वी माझी मतं दोन वाक्यांत संपायची आणि घरात शांतता असायची.

प्रकार तसा आजकालचा नाही. हान्स रिश्टर नावाच्या जर्मन दिग्दर्शकाने 1940 मध्येच फिल्म-निबंधावर लेख लिहून ठेवलाय. हे मी मावशीला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "ते असू दे गं, पण तू नक्की करतेस काय?" म्हटलं, माहिती गोळा करते, लिहिते, वाचून दाखवते, चित्रं जोडते. "म्हणजे शाळेतला प्रकल्पच की," मावशी म्हणाली. यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. आणि शाळेत निदान पालक मदत तरी करायचे.

या आठवड्याचा विषय होता प्रमाणवेळ. रेल्वे येईपर्यंत गावोगावी सूर्य डोक्यावर आला की बारा वाजायचे, ज्याचे त्याचे. 1840 मध्ये इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेने सगळ्या स्थानकांवर लंडनची वेळ लावली. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी 18 नोव्हेंबर 1883 ला एका दमात घड्याळं बदलली, आणि जिथे काटे मागे घेतले गेले तिथे त्या दिवशी दुपारचे बारा दोनदा वाजले. इथवर सगळं ठीक होतं. इथे थांबले असते तर बुधवारी संहिता तयार होती. पण मग मला फ्रान्स सापडला. 1884 मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली, ग्रिनिचची रेषा शून्य धरायचं ठरलं, आणि फ्रान्सने मतदानात भागच घेतला नाही. पुढे 1911 मध्ये ती वेळ स्वीकारायची पाळी आलीच, तेव्हा त्यांनी कायद्यात काय लिहावं? 'पॅरिसची वेळ, नऊ मिनिटं एकवीस सेकंदांनी मागे.' ग्रिनिचचं नाव नाही! नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून उखाण्यात लपवावं, तसा अख्ख्या देशाने उखाणा घेतला. हे माझ्या मुद्द्यात कुठेच बसत नव्हतं. म्हणून मी मुद्दा बदलला.

मुद्दा बदलला की संहिता बदलते, संहिता बदलली की शुक्रवार येतो, आणि शुक्रवारी ध्वनिमुद्रण असतं. घरात सगळ्यात कमी घुमणारी जागा म्हणजे कपड्यांचं कपाट. मी त्याच्या तोंडाशी, डोक्यावर गोधडी घेऊन, मोबाइलच्या उजेडात 'मानवजातीचा काळाशी असलेला संबंध' असं काहीतरी वाचत असते. 'प' आणि 'फ' आले की मान थोडी वळवायची, नाहीतर माइकवर हवेचा धप्पा बसतो. बोलणं संपलं की अर्धा मिनिट काहीही न बोलता नुसत्या खोलीचा आवाज मुद्रित करायचा. पुढे वाक्यं कापली की मधल्या फटींत तो भरावा लागतो. याच अर्ध्या मिनिटात वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू होतं. त्या ड्रिलवाल्याला माझी संहिता कोणीतरी आधी देत असणार, एरवी इतकी अचूक वेळ साधणं शक्य नाही. मग उरलेलं रात्री. परिणामी व्हिडिओत एक वाक्य ताज्या सकाळच्या आवाजात सुरू होतं आणि पेंगुळलेल्या आवाजात संपतं. ऐकणाऱ्याला वाटतं, विषय गंभीर होत गेला.

संकलनाबद्दल काय सांगायचं! सेकंदाला पंचवीस चौकटी धरल्या तर वीस मिनिटांच्या तीस हजार होतात, आणि रात्री एक वाजता त्या मोजूनच काढाव्यात असं वाटायला लागतं. एक दिलासा कुलेशोव्हचा. या सोव्हिएत दिग्दर्शकाने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा आधी सूपाच्या ताटलीशेजारी, मग शवपेटीशेजारी जोडला. प्रेक्षकांना आधी भूक दिसली, मग दुःख. माझाही चेहरा एकच आहे. नकाशानंतर तो अभ्यासू दिसतो, जुन्या छायाचित्रानंतर हळवा. प्रत्यक्षात दोन्ही वेळा मी कॅमेऱ्याच्या बॅटरीचा लाल दिवा बघत होते.

शनिवारी मात्र मला मत नसतं. शनिवारी मी विकिस्रोतावर, म्हणजे जुनी पुस्तकं सगळ्यांना मोफत वाचायला देणाऱ्या ऑनलाइन ग्रंथालयात, मुद्रितशोधन करते, फुकट आणि आनंदाने. डावीकडे जुन्या पुस्तकाच्या पानाचं छायाचित्र, उजवीकडे संगणकाने त्यातून वाचलेला मजकूर. संगणकाला 'ध' आणि 'घ' मधला फरक कळत नाही, त्यामुळे तलवारीची घार लखलखते. कोणी मान डोलवायला जातो आणि भान डोलवतो. आपण अक्षर न् अक्षर ताडून बघायचं. पान तपासलं की ते पिवळं होतं. दुसऱ्या कोणीतरी पुन्हा तपासलं की हिरवं. स्वतःचं पान स्वतः हिरवं करता येत नाही. हा नियम घरकामालाही लावला तर कितीतरी घरं कायमची पिवळी राहतील.

सगळ्यात कडक नियम हा, की छापलंय तेच ठेवायचं. लेखकाचं शुद्धलेखन सुधारायचं नाही आणि विचार तर मुळीच नाही. गेल्या शनिवारी माझ्या वाट्याला आलेल्या पानावर लेखकमहाशयांनी स्त्रियांनी फार वाचू नये, असं ठासून लिहिलं होतं. मी ते वाचत होते. वाचून झाल्यावर संगणकाने खाल्लेला 'स्त्रियांनीं'वरचा जुन्या वळणाचा अनुस्वार मी त्यांचा त्यांना परत केला, तोही अगदी बरोबर डोक्यावर. एरवी या एका वाक्यावर माझा वीस मिनिटांचा व्हिडिओ झाला असता. इथे पान पिवळं करून पुढे गेले, आणि खरं सांगते, फार हलकं वाटलं.

उरतं वाचन. रविवारी दुपारी मी केवळ मजेसाठी कादंबरी उघडते. पेन्सिल मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवते. तिसऱ्या पानावर एक सुरेख वाक्य येतं आणि डोक्यातली बाई म्हणते, 'हे सुरुवातीला घ्यायचं, मागे पावसाचं दृश्य.' मी तिला गप्प करते. मग कळतं की मी मनातल्या मनात मिनिटाला सव्वाशे शब्दांनीच वाचतेय आणि 'प' आला की मान वळवतेय. नवरा म्हणाला, "अगं, मानेला काय झालंय?"

आता विकिस्रोतावरचं पुस्तकच मजेसाठी वाचावं का, असा विचार आहे. काल तिथल्या एका ज्येष्ठ काकांचा निरोप आला: "ताई, आपण तपासलेली पाने आज हिरवी केली. काम चोख आहे. पुढच्या पुस्तकासाठी आपलेच नाव सुचवले आहे. त्यात कोष्टके थोडी जास्त आहेत." उघडून पाहिलं. कोष्टकांच्या मध्ये थोडा मजकूरही आहे.