निळूभाऊ आणि 'वाड्यावर या'

आज सकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच फोटो पडला. डोक्यावर टोपी, अर्धवट मिटलेले डोळे, खाली लिहिलेलं 'बाई, वाड्यावर या', आणि त्याखाली हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग. निळू फुले १३ जुलै २००९ ला गेले. एवढा मोठा नट, आणि आपण त्यांचं जपलं काय, तर हे एक वाक्य. मला खरंच वाईट वाटतं.

माझी आजी जत्रेतल्या तंबूत सिनेमा बघायची. निळूभाऊ पडद्यावर आले की पदर तोंडाशी धरायची आणि पुटपुटायची, "मुडदा बशिवला ह्याचा!" पुढे कॉलेजात असताना मी तिला सांगितलं, अगं, हा माणूस राष्ट्र सेवा दलातला, समाजवादी. तिला काही पटेना. म्हणाली, "मग पाटलाची ती नजर त्याला कुठनं घावली रं?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून आजवर गेलेला नाही. 'पडद्यावर खलनायक, खऱ्या आयुष्यात देवमाणूस' असं आपण सगळेच म्हणतो. मला ते अर्धवट वाटतं. खलनायक आणि कार्यकर्ता ही त्यांची दोन वेगळी आयुष्यं नव्हतीच. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या बागेत माळीकाम करायचं, त्या तुटपुंज्या पगारातून सेवा दलाला पैसे द्यायचे, कलापथकात नाचायचं, असं त्यांचं तरुणपण गेलं. 'कथा अकलेच्या कांद्याची' हे लोकनाट्य गाजलं आणि १९६८ मध्ये 'एक गाव बारा भानगडी'तून ते सिनेमात आले. पुढे नाव झाल्यावरही नट डॉ. श्रीराम लागूंबरोबर सामाजिक कृतज्ञता निधीसाठी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले, म्हणजे पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या घरी चूल पेटावी. ज्या सत्तेशी आयुष्यभर भांडले, तिचं चालणं-बोलणं त्यांनी जवळून पाहिलेलं असणार. ती नजर तिथनं घावली, आजी.

'सामना' (१९७५) परत बघा. हिंदुराव धोंडे पाटील. कारखाना त्यांचा, गाव त्यांचं. आवाज चढवायची गरजच पडत नाही, कारण ऐकायची सवय अख्ख्या गावाला आहे. आणि एक फाटका, दारुडा मास्तर विचारत राहतो, 'मारुती कांबळेचं काय झालं?' तेव्हा निळूभाऊंचा चेहरा बघा. रुबाब जागच्या जागी असतो, पण आतून काहीतरी पोखरायला लागलेलं असतं. पाटलाचा नुसता राग करणाऱ्याला हे जमलं नसतं. त्याची भीतीसुद्धा ओळखावी लागते. (आणि 'सिंहासन'मधला त्यांचा पत्रकार दिगू टिपणीस? त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.)

म्हणून त्या फोटोवर माझा राग आहे. वाड्यावरून निरोप आला की एखाद्या बाईच्या पोटात कसा गोळा यायचा, हे त्यांनी आपल्याला दाखवलं. आपण त्या बाईला विसरलो आणि तिला बोलावणाऱ्याचे स्टिकर बनवले. लग्नात, ऑफिसात, शाळेच्या गॅदरिंगमध्येसुद्धा पोरं तो आवाज काढतात आणि समोरचे टाळ्या वाजवतात.

माझी आजी त्या तंबूत एकदाही हसली नव्हती.