‘घट्ट’ म्हणजे नेमकं किती?

गाडीतल्या लहान मुलांच्या सीटबद्दलच्या तुमच्या लेखातलं ‘मूल वर्षाचं झालं की सीट पुढच्या दिशेला फिरवा’ हे वाक्य कृपया बदला. युरोपात लागू असलेल्या आर १२९ या मुलांच्या सीटच्या सुरक्षा नियमात मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत त्याचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला ठेवणं सक्तीचं आहे, आणि त्यानंतरही सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत तसंच ठेवलेलं उत्तम. बाळाचं डोकं जड, मान कोवळी. समोरून धडक बसली तर सीटची पाठ तो झटका झेलते. पाय दुमडले तरी चालतात, घाई नको. मात्र एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर अशी सीट कधीही नाही!

आणि नुसतं ‘पट्टा घट्ट लावा’ सांगून भागत नाही. खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरून बघा. घडी चिमटीत आली तर तो सैल आहे. मागे तोंड असताना पट्टे खांद्याच्या पातळीत किंवा किंचित खालून निघावेत, पुढे तोंड असताना पातळीत किंवा किंचित वरून. जाड स्वेटर काढूनच बांधा, धडकेत तो दबतो आणि पट्टा ढिला पडतो. टॉप टेदर, म्हणजे सीटच्या वरच्या भागातून निघून गाडीला अडकवायचा पट्टा, तर अनेकजण डिकीतल्या सामानाच्या हुकाला अडकवतात. तो हूक एवढा ताण सोसायला बनवलेलाच नसतो. टेदरची खरी जागा गाडीच्या पुस्तिकेत बघून घ्या.