कुकरमध्ये म्हणे १३ टक्केच सत्त्व उरतं!

परवा भाचीचा फोन आला. ठाण्यात नवीन घर लावतेय. म्हणाली, "मावशी, लग्नातला कुकर भंगारात घालू का?" का गं, विचारलं तर उत्तरादाखल एक मेसेज आला. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या प्रत्येक कुटुंबाच्या ग्रुपवर तो कधी ना कधी येऊन गेलाय. मातीच्या भांड्यात शिजवलं की अन्नातलं १०० टक्के सत्त्व टिकतं, काशाच्या भांड्यात ९७, पितळेच्या ९३ आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कुकरमध्ये फक्त १३. शिवाय हा धातू इंग्रजांनी आपल्या कैद्यांना झिजवून मारायला आणला. तेव्हा पितळ वापरा, निरोगी राहा, दहा जणांना पाठवा.

आधी ते टक्के. ९३ टक्के, पण कशाचे? प्रथिनांचे, लोहाचे की क जीवनसत्त्वाचे? तिन्ही उष्णतेला वेगवेगळी वागतात. लोह आणि कॅल्शियम शिट्टीने नाहीसे होत नाहीत. शिजवलेलं पाणी ओतून दिलंत तर त्याबरोबर थोडे जातात. क जीवनसत्त्व नाजूक खरं, पण ते मडक्यातही जातं, आणि मडक्यात तर जास्त वेळ रटरटत राहतं. या सगळ्याची मोट बांधून एकच आकडा निघेल कसा? हिशोबच करायचा तर १०० ग्रॅम तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. १३ टक्के खरे धरले तर कुकर उघडल्यावर तीनच ग्रॅम उरायला हवीत. बाकीची १९ गेली कुठे? शिट्टीतून वाफ जाते हो, डाळ नाही. आणि काशाचे ९७ कुणी मोजले? आपल्याकडे काशाची ताटं-वाट्या असतात, तळपाय घासायला काशाची वाटी असते. काशात आमटी उकळणारं घर मी तरी पाहिलेलं नाही.

कुकर करतो काय, तर दाब वाढवतो. त्या दाबाला पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांवर उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. बस. 'मंद आचेवर शिजवलेलं तेच पौष्टिक' हा सल्ला राजम्याला लावलात तर पोट धरून बसाल. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. राजमा भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात चांगला खळखळ उकळावा लागतो. नुसता कोमट आचेवर तासन्‌तास ठेवला तर ते विष तसंच राहतं.

अ‍ॅल्युमिनियमची भीती मात्र हवेतून आलेली नाही. १९७०च्या दशकात डायलिसिसच्या काही रुग्णांना मेंदूचा आजार झाला, तो डायलिसिसच्या पाण्यातल्या अ‍ॅल्युमिनियममुळे. पण तिथे धातू थेट रक्तात जात होता. पोटात गेलेल्यापैकी एक टक्काही अंगात शोषला जात नाही, आणि जो जातो तो धडधाकट मूत्रपिंडं बाहेर टाकतात. चिंच, कोकम, टोमॅटो, ताक यांनी हा धातू सुटतो, हे खरं. म्हणून सार आणि कढी स्टीलच्या पातेल्यात करावी. पण आपण कुकर लावतो म्हणजे काय करतो? तळाला पाणी, वर वरणाचा डबा, त्यावर भाताचा डबा. डबे स्टीलचे. कुकरला अन्न शिवतच नाही! आत काळा पडू नये म्हणून लिंबाची फोड टाकतो, ती पाण्यात.

तुरुंगाच्या गोष्टीत इंग्रज आहे, एवढं मान्य. त्याचं नाव आल्फ्रेड चॅटर्टन, आणि तो मद्रासच्या कलाशाळेत होता. १८८६ साली वीज वापरून अ‍ॅल्युमिनियम काढायची रीत सापडली आणि एकेकाळी चांदीहून महाग असलेला धातू स्वस्त झाला. १८९८च्या सुमारास चॅटर्टनने मद्रासच्या कारागिरांकडून त्याची भांडी घडवून घ्यायला सुरुवात केली. १९०० साली त्यातून कंपनी उभी राहिली. कैद्यांसाठी नव्हे, इथे धंदा उभा राहावा म्हणून.

आता पितळ. मी भाचीला एवढंच विचारलं, "ते नवं आणलेलं पितळी पातेलं आतून पांढरं आहे की पिवळं?" "पिवळं. छान चकाकतंय." "त्यात काय केलंस?" "कढी." मग कशी झाली ते विचारावंच लागलं नाही, तीच म्हणाली, चव विचित्र होती, जीभ आवळल्यासारखी झाली. कळकली होती, म्हणजे आंबट कढीत पितळ उतरलं होतं. हा शब्द तिच्या पिढीला ठाऊक नाही, कारण ती जन्मली तेव्हा घरातली पितळी भांडी माळ्यावर गेली होती. आमची आजी कल्हई, म्हणजे आतला कथलाचा मुलामा, उडालेल्या पातेल्यात ताक ठेवूच द्यायची नाही. कल्हईवाला अंगणात भट्टी पेटवायचा, भांडं लालबुंद तापवून नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, कथलाची कांडी आत टेकवून कापसाच्या बोळ्याने ते वितळलेलं कथील फिरवायचा. पिवळं भांडं क्षणात चांदीसारखं व्हायचं. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं तापवायचं नाही. पूर्वजांचं शहाणपण म्हणतात ते हे, आणि मेसेजमध्ये याचा एक शब्द नाही.

ही बाब चवीपुरती नाही. आपल्याकडे तान्ह्या मुलांना यकृताचा एक जीवघेणा आजार व्हायचा. वैद्यकात त्याचं नावच 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस'. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर १९८३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की, लहान वयात वरचं दूध पाजताना ते पितळेच्या-तांब्याच्या भांड्यात तापवलं-ठेवलं जातं, तांबं दुधात उतरतं आणि ते या आजाराचं कारण असावं. पुढच्या वर्षांत भांडी बदलली, हा आजार ओसरला. म्हणजे पितळ बंद करा असं नाही. पण 'पितळ ९३ टक्के' वाचून कुणी बिनकल्हईच्या पातेल्यात बाळाचं दूध तापवलं तर?

भाचीला मी लोखंडी तवा आणि कढई घ्यायला सांगितलंय. फक्त भाजी झाली की लगेच काढून ठेव, म्हटलं. कुकरची रिंग कडक झाली होती, ती नवीन आणली. ठाण्यात कल्हईवाला शोधतेय, अजून सापडलेला नाही. तोवर त्या पातेल्यात तिने कांदे-बटाटे ठेवलेत.